नवशिक्या सायकलस्वाराचे वकीलपत्र

सायकल येणे आणि सायकलवरून कामावर जाणे या दोन अगदी निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली लहानपणी येते. कोणी तरी मागून कॅरिअर धरून धावत असते, मध्येच हात सोडून देते, दोन-चार वेळा गुडघे फुटतात आणि एके दिवशी जो तोल साधतो तो जन्मभर विसरत नाही. दुसरी विद्या मैदानावर शिकता येत नाही. तिथे आपला तोल आपल्या एकट्याच्या हाती राहत नाही. मागून येणारी बस, बाजूने घासून जाणारी रिक्षा, कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे अवचित उघडणारे दार, या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणूनच शाळकरी वयात जो दोन्ही हात सोडून सायकल चालवीत असे, तोच गृहस्थ चाळिशीत हँडलला डबा अडकवून पहिल्या दिवशी कचेरीला निघतो तेव्हा त्याचे हँडल थरथरते.

या थरथरण्याला आपल्याकडे भित्रेपणा म्हणतात. घरातली मंडळी हसतात. कचेरीतले सोबती 'हा उद्योग सांगितला कोणी?' असे विचारतात. सरावलेले सायकलस्वार 'आठ दिवसांत भीड चेपेल' असा दिलासा देतात. या तिघांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. दोष नवशिक्याच्या मनात आहे आणि तो त्याने स्वतःच काढून टाकला पाहिजे, असे तिघेही धरून चालतात. प्रस्तुत लेख या समजुतीला हरकत घेण्यासाठी लिहिला आहे. नवशिक्याची भीती ही रस्त्याविषयीची खरी बातमी आहे. सरावलेल्या माणसाचे कान त्या बातमीला बधिर झालेले असतात, नवशिक्याचे अजून शाबूत असतात, एवढाच दोघांतला फरक.

प्रश्न केवळ हौशी लोकांचा असता तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडवण्याचे कारण नव्हते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून किंवा पेट्रोलचा भाव वाढला म्हणून सायकल बाहेर काढणाऱ्याला उद्या पुन्हा मोटारीत बसता येते. पण या देशात सायकल ही आजही मुख्यतः गरजेची वस्तू आहे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्या लोकांची जी मोजदाद झाली, तीत कामावर सायकलने जाणारे सुमारे २ कोटी ६० लाख निघाले. मोटारीतून जाणारे त्या मानाने फारच थोडे होते. पहारेकरी, गवंडी, शिंपी, दुकानातला नोकर आणि चार घरी स्वयंपाक करून पाचव्या घरी वेळेवर पोहोचू पाहणारी बाई, ही सर्व माणसे कधी तरी नवशिकी होतीच. त्यांना भीती वाटली नाही असे नाही. त्यांची भीती ऐकायला कोणाला सवड नव्हती.

ही भीती समजावून घेण्यासाठी वाचकांना जरा दूर न्यावे लागेल. आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी कित्येकांची कुलदैवते गोव्यात आहेत. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा यांच्या दर्शनाला ही मंडळी फोंडा महालापर्यंत जातात, अभिषेक करतात आणि बहुधा तिथूनच माघारी फिरतात. तसे न करता उसगावकडून नदी ओलांडून साखळीच्या बाजूला निघाले, तर डिचोली तालुक्यातले पाळी हे गाव लागते. पर्यटकांच्या गोव्याशी या गावाचा फारसा संबंध नाही. समुद्र इथून दूर आहे. जवळ आहेत त्या खाणी. पोर्तुगीज अमदानी चालू असतानाच, १९५० च्या दशकात, डिचोलीच्या आसपासचे लोहखनिज परदेशी, विशेषतः जपानला जाऊ लागले. खाणीतून काढलेला माल ट्रकात भरायचा, ट्रक गावांमधल्या रस्त्यांनी नदीच्या धक्क्यावर न्यायचा, तिथे बार्जमध्ये ओतायचा आणि बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे सोडायची, असा हा व्यवहार. त्यात डोंगर खाणवाल्याचा, नदी बार्जवाल्याची आणि मधला रस्ता मात्र सर्वांचा.

सर्वांचा म्हणजे पाव घेऊन घरोघर फिरणाऱ्या पोदेराचाही. गोव्याच्या गावांत पहाटे आणि सायंकाळी पोदेर सायकलवर टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवीत येतो. सायकलवरून कामावर जाणाऱ्यांमध्ये हा सर्वांत जुना आणि सर्वांत नेमाचा म्हणावा लागेल. त्याच रस्त्यावर शाळेची मुले, गडीमाणसे, बाजाराला निघालेल्या बाया आणि लाल धुळीने माखलेले ट्रक.

पाळीकडच्या आमच्या एका आप्तांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी इंदुरात नोकरीला आला. रामबागेत खोली घेतली, कचेरी पलासियाला. अंतर चार-पाच किलोमीटर, म्हणजे सायकलला अगदी बेताचे. पगार नवा, त्यामुळे त्याने एक जुनी सायकल विकत घेतली. पहिल्या दिवशी तो रीगलच्या चौकापर्यंत कसाबसा चालवीत गेला आणि तिथे उतरून, सायकल हाताने ढकलीत, पायी चालणाऱ्यांबरोबर चौक ओलांडून पलीकडे गेला. सायंकाळी घरी आला तो घामाघूम होऊन. मी थट्टेने म्हटले, "अरे, तू खाणीच्या ट्रकांमध्ये वाढलेला, तुला इथल्या रिक्षांचे कसले भय?" तेव्हा तो जे बोलला ते मला विचार करण्यासारखे वाटले. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे भय ट्रकाचे. तो समोरून येतो नाही तर मागून येतो, आवाज करीत येतो, रांगेने येतो. त्याला वाट दिली की झाले. इथे भय नेमके कोणाचे धरायचे तेच कळत नाही."

त्याच्या बोलण्यातून भीतीच्या दोन जाती वेगळ्या झाल्या. एक वजनाची आणि दुसरी अव्यवस्थेची. खाणीच्या रस्त्यावर वजन प्रचंड, पण हालचाल ठरलेली. शहरात वजन कमी, पण हालचालीला नियम नाही. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल, न सांगता वळणारी रिक्षा, हिरवा दिवा लागण्याच्या आधीच कर्णा वाजवणारी मोटार. या दोहोंपैकी कोणतीही भीती त्या मुलाने मनाने निर्माण केलेली नव्हती. दोन्ही रस्त्याने त्याला शिकवल्या होत्या.

पुढे बोलता बोलता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तो सायकल उशिराच शिकला, दहा वर्षांचा झाल्यावर. त्याआधी त्याची आई त्याला अंगणाबाहेर सायकल नेऊ देत नसे. मग आईचे मन कसे पालटले? तर खाणी बंद झाल्या. १० सप्टेंबर २०१२ रोजी गोवा सरकारने राज्यातले खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवण्याचा आदेश दिला. ट्रक उभे राहिले. त्यामुळे कित्येक घरांच्या चुली मंदावल्या, कर्जावर घेतलेल्या ट्रकांचे हप्ते थकले. ते दुःख मोठे आहे आणि खाणी चालाव्यात की न चालाव्यात यावर इथे निवाडा देण्याचा मुळीच विचार नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की रस्ता तोच होता, चढ तोच, मुलगा तोच, आईही तीच. आईचे धैर्य एका रात्रीत वाढले नव्हते. रस्ता बदलला होता. मोजून पाहण्यासारखा इतका स्वच्छ दाखला सहसा मिळत नाही. पुढे एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने मर्यादा घालून बंदी उठवली, २०१८ साली जुने पट्टे रद्द झाल्यामुळे काम पुन्हा थांबले आणि २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात ते परत सुरू झाले. त्याबरोबर ट्रक गावांतून न्यावेत की नेऊ नयेत हा वादही त्या तालुक्यात परत उभा राहिला. ज्या आयांची मुले आज आठ-दहा वर्षांची आहेत, त्या आपल्या सायकलींविषयी काय ठरवीत असतील हे सांगायला ज्योतिषी नको.

भीतीच्या मुळाशी साधे पदार्थविज्ञानही आहे. चालत्या गाडीच्या अंगी असलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटार ६० ने येऊ लागली तर तिचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. याच कारणाने फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, जिथे पायी चालणारे व सायकलवाले मोटारींबरोबर मिसळतात तिथे वेगाची मर्यादा ३० असावी, असा आग्रह धरला. दुसरी गोष्ट सायकलची स्वतःची आहे. सायकल हळू चालली की डगमगते, वेग आला की स्थिरावते. नवशिका भीतीने हळू चालवतो, म्हणून डगमगतो. मागून कर्णा वाजला की तो मान वळवतो आणि मानेबरोबर हँडलही वळते. म्हणजे 'बाजूला हो' असे सांगण्यासाठी वाजवलेला कर्णा त्याला नेमका मोटारीच्या पुढ्यात आणतो. दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत पायी चालणारे ३२ हजारांवर होते आणि सायकलवाले पाच हजारांच्या आसपास. हे आकडे सरकारी अहवालातले आहेत. अशा स्थितीत नवशिक्याला भिऊ नको म्हणणे हा दिलासा ठरत नाही. त्याला वस्तुस्थितीकडे पाठ फिरवण्याचा उपदेश होतो.

यावर एक आक्षेप येईल. शहरात सायकल चालवणारी माणसे आहेतच की! ती कशी चालवतात? त्याचे उत्तर अमेरिकेतल्या पोर्टलंड नगरपालिकेत सायकलींचे काम पाहणारे रॉजर गेलर यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी मोठ्या मार्मिकपणे दिले. त्यांनी नगरवासीयांचे चार वर्ग कल्पिले. कोणत्याही रस्त्यावर बेधडक जाणारे शेकडा एकाहूनही कमी, थोडी सोय असली की उत्साहाने जाणारे शेकडा सात, काही झाले तरी सायकलला हात न लावणारे सुमारे एक तृतीयांश, आणि उरलेले, म्हणजे शेकडा साठाच्या आसपास लोक, मनातून इच्छा असूनही भिणारे. हा मूळचा अंदाज होता, पण पुढे झालेल्या पाहणीतही हा चौथा वर्ग निम्म्याहून मोठाच निघाला. आता आपण रस्ते कोणाला विचारून बांधतो? जो रस्त्यावर दिसतो त्याला, म्हणजे शेकडा एकाला. जो दिसत नाही तो नाहीच असे आपण समजतो. पूल नसलेल्या नदीकाठी उभे राहून, पोहून येणारे मोजावेत आणि एवढ्यांसाठी पूल कशाला असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

भित्र्यांचे ऐकून रस्ते बदलता येतात याचे उदाहरण हॉलंडने घालून दिले आहे. तो देश म्हणजे जन्मतःच सायकलवाल्यांचा, असा आपला समज असतो, पण तो अर्धवट आहे. महायुद्धानंतर तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद झाले आणि १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. १९७२-७३ च्या सुमारास आईबापांनी 'मुलांची हत्या थांबवा' अशा कठोर नावाची चळवळ उभारली. १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई आली आणि रविवारी मोटारी बंद ठेवण्याची वेळ आली. रिकामे रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आज ज्या वेगळ्या सायकल-वाटांचे आपण कौतुक करतो, त्यांचा मोठा भाग त्यानंतरच्या काळातला आहे. त्या वाटा शर्यतीत धावणाऱ्या वीरांनी मागितल्या नव्हत्या. घाबरलेल्या आयांनी मागितल्या होत्या. पाळीची आई आणि हॉलंडची आई यांच्या भीतीत काही अंतर नाही. अंतर पडले ते ती भीती ऐकून घेणाऱ्यांत.

उलट उदाहरण पुण्याचे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्या पुण्यात स्कूटर आणि मोटारसायकल आली तशी सायकल मागे पडली. महापालिकेने सायकलींसाठी पट्टे आखले. त्यांवर कुठे गाड्या उभ्या राहतात, कुठे फेरीवाले बसतात, कुठे मोटारसायकलवाले आडवाट म्हणून घुसतात. २०१७ साली शहराचा सविस्तर सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्याच सुमारास कंपन्यांनी भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्तोरस्ती आणून ठेवल्या. दोन-तीन वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. बोध सरळ आहे. सायकल पुरवणे सोपे, रस्ता पुरवणे कठीण, आणि रस्त्यावाचून पुरवलेली सायकल भिंतीलाच टेकून राहते.

भीतीची दुसरी बाजू समाजाची असते. त्यासाठी आणखी एका संस्थानी गावाचे उदाहरण आहे. तामिळनाडूतले पुदुकोट्टै हे १९४८ पर्यंत संस्थान होते. तिथे १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवण्याचा घाट घातला. खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका, कित्येक खडी फोडणाऱ्या, कित्येक शेतमजूर, मैदानावर एकत्र शिकल्या. एक लाखाहून अधिक बायकांना सायकल आली असे पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. एकटी बाई सायकलवर दिसली असती तर टवाळी झाली असती. हजार दिसल्यावर टवाळांनाच रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागले. नवशिक्याला जसा रस्ता हवा तशी सोबतही हवी, हे त्यातून शिकावे.

आता आपल्या इंदूरकडे येऊ. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार इथे आले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुन्या वस्तीतून नाकासमोर रुंद रस्ते फाडीत नेण्याला त्यांचा विरोध होता. गल्ली, विहीर, झाड आणि ओटा राखून, जिथे अडेल तिथे बेताने कापावे, असे त्यांचे सांगणे. गावात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी भिणाऱ्यांना हिणवले नाही. त्यांनी दिवाळीच्या आधी मोठी मिरवणूक काढली आणि ती जाण्याचा मान सर्वांत स्वच्छ झालेल्या रस्त्यांना मिळेल असे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, कचरा काढला, मिरवणूक गेली. भीतीचे रूपांतर कामात झाले. शंभर वर्षांनंतर याच गावाने स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत २०१७ ते २०२३ अशी सलग सात वेळा पहिली जागा मिळवली. घंटागाडी येण्याआधी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून ठेवण्याची सवय ज्या गावाला लागली, त्या गावाला सायकलमागे कर्णा न वाजवण्याची सवय लागणार नाही, असे मी तरी मानत नाही.

पण आपल्या रस्त्यांच्या चर्चेत सायकलवाला येतो कुठे? आग्रा-मुंबई मार्गावर २०१३ साली बसेससाठी मधली वाट बांधली गेली आणि २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती काढण्याचे ठरले. बसची बाजू मांडणारे होते, मोटारीची बाजू मांडणारे होते. सायकलवाल्याचे वकीलपत्र कोणी हिरिरीने घेतल्याचे आठवत नाही. मालवा मिल, हुकुमचंद मिल चालू होत्या तेव्हाच्या पाळ्या सुटतानाच्या सायकली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे विशेष जाणवेल. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. सायकलींचा तो लोंढा ओसरला, आणि त्याबरोबर सायकलवाला हा रस्त्याचा धनी असतो ही समजूतही ओसरली.

हे वकीलपत्र चालवायला फार मोठा खर्च लागत नाही. राजवाड्याच्या भोवतालच्या, रामबागेतल्या आणि छावणीतल्या गल्ल्या गेडिस यांनी वाखाणल्या तशा आजही आहेत. त्यांत मोटारीला वेग घेताच येत नाही. या गल्ल्या एकमेकींना जोडून, जिथे मोठा रस्ता आडवा येतो तिथे ओलांडण्याची पक्की सोय करून, खुणेच्या पाट्या लावून, कामावर जाण्याची वाट आखता येईल. जुन्या वस्तीत वेगाची मर्यादा ३० ठरवता येईल आणि ती पाळली जाते का हे पाहता येईल. रविवारी सकाळी दोन तास एखादे शाळेचे मैदान प्रौढ नवशिक्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी, उघडे ठेवता येईल. आपल्या समाजाच्या संस्थांना गणेशोत्सवात आणि शारदोत्सवात जे मनुष्यबळ मिळते, त्याचा विसावा हिस्सा या कामाला पुरेल. आणि कचेऱ्यांना मोटारींसाठी जागा सापडते तशी चार सायकली सावलीत ठेवण्यापुरती सापडायला हरकत नसावी.

रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल, पण नवशिक्याला कामावर उद्याच जायचे असते. त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बैठक इतकी खाली ठेवावी की बसल्या बसल्या पाऊल जमिनीला टेकेल. ब्रेक, घंटी, मागचा दिवा आणि चाकातली हवा निघण्याआधी पाहावी. कामाची वाट प्रथम रविवारी, मोकळ्या रस्त्यावर, एकदा जाऊन पाहावी. सर्वांत जवळची वाट निवडू नये, सर्वांत शांत निवडावी, मग पाव तास जास्त लागला तरी चालेल. गटाराच्या काठाला चिकटून जाऊ नये. हातभर आत राहावे, कारण काठाला चिकटणाऱ्याला मोटारवाला जागाच सोडत नाही आणि त्याला खड्डा चुकवायलाही वाव उरत नाही. उभ्या मोटारीपासून दार उघडेल इतके अंतर ठेवावे. मान वळवून मागे पाहताना हँडल सरळ ठेवण्याचा सराव मैदानावर करावा. वळताना हात दाखवावा, आणि तो लाजत न दाखवता चांगला लांब करून दाखवावा. चौक भयंकर वाटला तर खाली उतरून पायी ओलांडावा. पाळीचा तो मुलगा रीगलला उतरला ते योग्यच झाले. आता तो गल्ल्यांमधून जातो, दहा मिनिटे आधी निघतो आणि कचेरीत वेळेवर पोहोचतो. भीती गेली का, असे विचारले तर नाही म्हणतो. ती कुठे बाळगायची आणि कुठे खाली ठेवायची हे कळले, असे म्हणतो.

राहता राहिले आपण. या पानाचे वाचक बहुतेक अशा घरांतले आहेत, की ज्यांच्या आजोबांनी होळकर कॉलेज सायकलवरून केले आणि ज्यांची नातवंडे शाळेला मोटारीतून जातात. रस्त्यावरच्या नवशिक्याशी आपली गाठ आता काचेआडून पडते. म्हणून वकीलपत्राचा पहिला कागद आपल्याच सहीचा हवा. पुढे सायकल डगमगताना दिसली तर कर्णा वाजवू नये, मागे थांबावे. ओलांडताना पुरुषभर अंतर सोडावे. दार उघडण्याआधी मागे पाहावे, आणि ते सुद्धा दूरच्या हाताने उघडावे म्हणजे मान आपोआप मागे वळते. घरी कामाला येणाऱ्या बाईने सायकल घेतली असेल तर ती ठेवायला फाटकाच्या आत जागा द्यावी. याला नगरपालिकेची मंजुरी लागत नाही आणि अंदाजपत्रकातली तरतूदही लागत नाही.

शहर सुधारले की नाही हे पुलांची लांबी मोजून कळत नाही. ज्या दिवशी रामबागेतली साठीला आलेली एखादी गृहिणी भाजी आणायला सायकल बाहेर काढील, आणि घरातले कोणी तिला थांबवायला दारापर्यंत येणार नाही, त्या दिवशी इंदूर सुधारले असे खुशाल समजावे.